बायजाक्काची म्हैस दिराच्या दारावरनं

“वहिनी, शेवंताला डीएडला घाला. दोन वर्सांत मास्तरीण हुईल.” शेजारच्या बायजाक्काचा दीर ओरडत होता, ते मी भिंतीआडून ऐकलं. बायजाक्का विधवा, दूधकट्ट्यावर म्हैस नेऊन गिऱ्हाइकासमोर धार काढायची. तिच्या मॅट्रिक झालेल्या लेकीला पॉलिटेक्निकला जायचं होतं.

“तीन वर्सं पोरांत बसणार व्हय?”

“म्हशींत वाढलीया, भावजी. पोरांना काय भ्यायचं?”

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावरनं बायजाक्का लेक आणि म्हैस घेऊन थेट पॉलिटेक्निकात गेली.

“पालक कुठायत?” कारकुनानं विचारलं.

“ही काय, उभी हाय की.”

शेवंताला प्रवेश मिळाला. दिरानं बोलणं टाकलं. मग बायजाक्का रोज म्हैस मुद्दाम त्याच्या दारावरनं आणायची; शेण कुठं पडायचं ते म्हशीच्या मर्जीवर.

बायजाक्का गेली त्या दिवशीही तिनं म्हैस तिथनंच आणली, गोठ्यात बांधली, मगच स्वतः आडवी झाली.