रुमालाखालचे दोन जीबी

तमाम वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, ज्यांचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नाही असे या भूतलावरचे एकमेव गृहस्थ बुलडाणा जिल्ह्यातल्या उंद्री गावी राहतात आणि ते नात्याने माझे मामेसासरे लागतात. सावलीवर विश्वास नसायला त्यांच्याकडे कारण आहे. ती त्यांनी पाहिलेलीच नाही. अगदी लहानपणी अंगावर देवी आल्या आणि जाताना डोळे घेऊन गेल्या. तेव्हापासून आजूबाजूची माणसं जे सांगतात त्यातलं निम्मं खोटं असतं, फक्त कोणतं निम्मं ते शोधून काढायचं, या एका कामाला मामाजींनी आयुष्य वाहिलं. महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा गावात पेढे वाटले होते. बाकीच्या पोरांनी ते खाल्ले. मामाजींनी आधी वास घेतला आणि गुरुजींना विचारलं, "गुर्जी, हे नव्या राज्याचेच हायेत ना? का जुन्यातले उरलेले?"

वय वाढलं तसा संशयही बाळसं धरत गेला. घरी दूध आलं की ते उंचावरून पातेल्यात ओतायला लावतात आणि कान लावून ऐकतात. पाणी घातलेल्या दुधाचा आवाज म्हणे पातळ येतो. एसटीने चिखलीला निघाले की प्रत्येक थांब्यावर कंडक्टरला गावाचं नाव विचारतात, आणि त्याने सांगितलं की शेजारच्या प्रवाशाला विचारतात, "खरं सांगून राह्यला का तो?" एकदा एक कंडक्टर वैतागला. म्हणाला, "बाबा, मी कायले खोटं सांगीन? मले काय भेटते त्याच्यात?" मामाजी शांतपणे म्हणाले, "तेच तं मले समजून नाही राह्यलं. म्हणून इचारतो."

या संशयाचं शास्त्रोक्त शिक्षण त्यांना धाडच्या बाजारात मिळालं. त्यांचे वडील बैलांचे दलाल. बैलाचा भाव तोंडाने करायचा नाही, अशी तिथली रीत. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून सौदा ठरवतात. भोवती गर्दी उभी असते, पण तिला काही कळत नाही. रुमालाखाली सगळेच आंधळे, म्हणून तिथे मामाजी सगळ्यांच्या बरोबरीला. वडिलांच्या मांडीशी बसून त्यांनी हे बोटांचं राजकारण शिकून घेतलं आणि त्यातून एक सिद्धांत काढला: माणूस तोंडाने खोटं बोलतो, बोटाने बोलता येत नाही. माझ्या साखरपुड्यात त्यांनी सगळ्यांदेखत माझा हात खांद्यावरच्या रुमालाखाली ओढून घेतला आणि विचारलं, "जावईबापू, पोरगी खरंच पसंत हाय, का बापाच्या भेवानं हो म्हणून राह्यले?" माझ्या तळहाताला दरदरून घाम फुटला. मामाजी खूश झाले. "पसंत हाय," त्यांनी मंडपाला जाहीर केलं. "खोट्या माणसाचा हात कोरडा राह्यते. त्याले सराव असते."

त्या बाजारात त्यांना त्यांच्या आयुष्यातला एकमेव विश्वासू माणूस मिळाला. सोनाजी. दुसऱ्या एका दलालाचा मुलगा, मामाजींच्याच वयाचा. तो बैलांचे रंग सांगायचा आणि मामाजी ते मान्य करायचे. सोनाजी म्हणाला तांबडा, तर तांबडा. दुसऱ्या कुणाला विचारणं नाही. पुढे म्हातारपणी सोनाजी मुलाकडे औरंगाबादला राहायला गेला, तरी घरात कुठल्याही रंगाचा वाद निघाला, अगदी मामींच्या नव्या लुगड्याचासुद्धा, की मामाजी म्हणायचे, "सोनाजी येईल तवा पाहू."

मामाजी मोठेपणी बुलडाण्याला एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटर झाले आणि त्यांच्या संशयाला पगार सुरू झाला. दिवसभर लोकांचे आवाज जोडायचे आणि तोडायचे. त्या नोकरीने त्यांच्या सिद्धांताला एक पुरवणी जोडली: बोलता बोलता माणूस थांबला की समजायचं, पुढचं खोटं जुळवतोय. या पुरवणीचा सगळ्यात जास्त जाच मामींना झाला. लग्न झाल्यापासून रोज सकाळी मामी त्यांना पेपर वाचून दाखवत. पहिल्या पानापासून कापसाच्या भावापर्यंत, खड्या आवाजात. पण अधूनमधून त्या थांबत. म्हणत, "घोटभर पाणी पिऊन येते," किंवा, "आधी तुमचा च्या घ्या बरं, थंडा होते." मग पदराने चष्मा पुसून पुढे वाचत. इकडे मामाजींचे कान टवकारलेले.

"तू गाळतेस," ते म्हणत.

"हाव, गाळते. च्या गाळते," मामी म्हणत. "पेपर गाळाले टाइम कोणाले हाय?"

"मंग थांबली काऊन?"

"दम नाही घ्यायचा का माणसानं?"

मामाजींची पक्की खात्री होती की मामींचं माहेर जे अमडापूर, तिथल्या भानगडींच्या बातम्या मामी परस्पर खाऊन टाकतात. मी एकदा खात्री करायला मागचे काही पेपर चाळले. अमडापूरची बातमी एकच होती, तिथे रक्तदान शिबिर झालं होतं, आणि ती मामींनी दोनदा वाचून दाखवली होती.

अशात मामींच्या डोळ्यांचं निघालं. साखर होतीच, तिने डोळ्यांवर हात टाकला. डॉक्टरांनी बारीक अक्षर बंद म्हणून सांगितलं. मामींनी हे घरी येऊन सांगितलं, तेव्हा मामाजींनी त्यांचा चष्मा मागून घेतला आणि काचा बोटांनी चाचपल्या. मग म्हणाले, "डॉक्टर खरं सांगून राह्यला का?" पण त्या संशयात नेहमीचा जोर नव्हता. आयुष्यभराची सकाळ बंद पडणार होती. शेजारच्या कुणी येऊन वाचावं म्हटलं तर त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? कुणीतरी त्यांना सांगितलं की आता अंधांसाठी कॉम्प्युटर बोलतो, पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवतो, मराठीतसुद्धा. मामाजींनी मला बोलावून घेतलं. "मशीनले माहेर नसते," ते म्हणाले. "घ्या तं मंग."

चिखलीच्या दुकानात आम्ही गेलो. दुकानदार तरुण, हसरा, बोलायला गोड. म्हणजे मामाजींच्या हिशेबी पहिल्याच वाक्याला गुन्हेगार. प्रश्न एकच होता. कॉम्प्युटरला मेमरी किती घ्यायची? मेमरी म्हणजे एका वेळी तो किती कामं हातात धरू शकतो ते, असं दुकानदाराने समजावलं आणि पुढे म्हणाला, "काका, तुम्हाले एक जीबी लय झाली. तुम्हाले कुठं पिक्चर पाह्यचे हायेत, का गेम खेळायचे हायेत? डोळेवाल्यालेच जास्त लागते."

"म्हंजे मले दिसत नाही म्हणून कमी?" मामाजी म्हणाले. "बहिऱ्याच्या पानात भात कमी वाढतोस का बे?"

दुकानदाराने एक जीबीची आणि दोन जीबीची अशा दोन सुट्या पट्ट्या त्यांच्या हातात दिल्या. मामाजींनी त्या कंगव्यासारख्या बोटांवर फिरवल्या, एकीवर एक ठेवून मापल्या. त्यांच्या चेहऱ्यावर विजयाचं तेज पसरलं.

"दोन्ही बरोबर. अन् ही दुप्पट म्हणते. कुठून दुप्पट?"

"आतून हाय काका."

"जावईबापू, आयका," मामाजी माझ्याकडे तोंड करून म्हणाले. "धाडले बी असेच म्हणत. बैल दिसाले रोड हाय, ताकद आतून हाय."

आणि मग त्यांनी बैलबाजाराचा नियम मांडला. जुंपून पाहिल्याशिवाय जनावर घ्यायचं नाही. वखराला लावा, चालवा, मग बोला. दुकानदाराला हे पटवायला मला बरंच बोलावं लागलं, पण शेवटी एक जीबीचा कॉम्प्युटर टेबलावर आला, त्यात तो बोलणारा प्रोग्रॅम घातला, आणि मामाजींनी वखर जोडायला सुरुवात केली. पेपर उघड. गाणं लाव. पत्र लिहायचं पान उघड. दुसरा पेपर उघड, पहिल्यावर नजर ठेवायला. कॉम्प्युटरमधला बाप्या गालात सुपारी धरल्यासारखा वाचत होता, "चिखली तालुक्यातील शेतकऱ्यांनी..." आणि तो मध्येच गप्प झाला.

पडद्यावर एक गोल चाक फिरत होतं. ते मला दिसत होतं, दुकानदाराला दिसत होतं. मामाजींना नुसती शांतता ऐकू येत होती.

"काय झालं?"

"काही नाही काका, विचार करून राह्यला."

"शेतकऱ्यांनी काय?"

"चाक फिरते ना ते. सांगते आता."

"चाक तुले फिरते," मामाजी म्हणाले. "मले तो मेला, का झोपला, का काही लपवून राह्यला, हे कसं समजायचं? डोळेवाल्याचं काम अडते तवा त्याले अडलेलं दिसते तरी. मह्यासाठी तं अख्खं दुकानच बंद."

दुकानदार पहिल्यांदाच थोडा थबकला. हे त्याच्या डोक्यात आलेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नव्हतं. पण मामाजी थबकणाऱ्यातले नव्हते. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, अंदाजाने हात पुढे केला आणि दुकानदाराचा हात त्याखाली ओढून घेतला. दुकानातली दोन-तीन गिऱ्हाइकं खुर्च्या सरकवून जवळ आली. "आता बोल," मामाजी म्हणाले. "तोंडानं नाही. तुह्या बापाले डोळे नसते तं त्याले किती जीबी देली असती?"

रुमाल हलला. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, मग त्या एक जीबीवाल्या मशीनकडे, आणि मग छताकडे. मामाजींचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "दोन," ते म्हणाले. "दोन बोटं दाबली यानं. हात बी ओला हाय. सौदा पक्का." आणि निघताना मला कानात म्हणाले, "मुलगा चांगला हाय. तोंड तेवढं खराब."

दोन जीबीचा कॉम्प्युटर उंद्रीला आला. मी मुक्काम ठोकून सगळं बसवून दिलं. सकाळी मामाजी खुर्ची सरसावून बसले, शेजारी मामी, आणि मी समोर छापील पेपर घेऊन, कारण मशीन खरं वाचतं की नाही हे पाहायला साक्षीदार हवा होता. मशीन सुरू झालं. पहिली बातमी बरोबर. दुसरी बरोबर. मी मान डोलावत होतो, मग आठवण होऊन तोंडाने "हो" म्हणत होतो. ते कुठे थांबेना, कुठे अडेना. मामाजींनी खुशीत हात मागे टेकले. "पाह्य," ते मामींना म्हणाले. "पाणी नाही पित, च्या नाही पाजत. सरळ वाचते."

"वाचू द्या," मामी म्हणाल्या. त्यांच्या हातात काही नव्हतं. रोज पेपर धरणारे हात त्यांनी मांडीवर ठेवले होते.

मशीन जिल्ह्याच्या पानावर आलं. एका रस्त्याची बातमी झाली. मग त्याच सुरात, त्याच गतीने, "धाड येथील मूळ रहिवासी आणि बैलबाजारातील जुने जाणते व्यापारी सोनाजी यांचे औरंगाबाद येथे मुलाच्या निवासस्थानी निधन झाले कापसाच्या भावात किरकोळ वाढ झाली असून चिखली बाजार समितीत..."

कापसाचा भाव पुढे चालू राहिला. मामाजींनी हात पुढे केला, पण आवाज बंद करायची कळ कोणती ते त्यांना अजून सांगितलेलं नव्हतं. त्यांची बोटं कीबोर्डवर इकडून तिकडे फिरत राहिली आणि मशीन कापसावरून सोयाबीनवर आलं. मी उठून ते बंद केलं. खरं आहे का, छापील पेपरात पाहा, नीट पाहा, असं मामाजी एकदाही म्हणाले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

मामींनी त्यांचा हात कीबोर्डवरून उचलून आपल्या हातात घेतला. वर पदर आला. त्याखाली कुणी कुणाची किती बोटं दाबली ते त्या दोघांनाच ठाऊक. मग बंद पडलेल्या मशीनकडे पाहत मामी एकदम बोलून गेल्या, "मी वाचत असती तं इथं थांबली असती."