चांगलं तेवढंच पाठवलं

तीन वर्षांपूर्वी, म्हणजे मी सदुसष्ट वर्षांची अल्लड पोट्टी होते तेव्हाची गोष्ट. सत्तरीत थोडी अक्कल आली, म्हणून आता लिहून राहिले.

यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. हातपाय सावरले, बोलणं मात्र बोबडं झालं. डॉक्टरांनी समजावलं की शब्द डोक्यात जागच्या जागी आहेत, जिभेचे आणि ओठांचे स्नायू तेवढे ऐकत नाहीत. जन्मभर रेल्वेच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या अर्जांतल्या चुका काढलेला माणूस. इकडे हिंदी मुलखात, आमच्या बुढापारा मोहल्ल्यातल्या दुकानात चहापत्ती मागायला लागला की दुकानदार माझ्याकडे बघायचा. मी सांगून मोकळी व्हायची. पुढे पुढे हे दुकानात येईनासेच झाले.

मले संधिवात. सकाळी बोटं अशी आखडलेली, की दुधाची पिशवी यांनीच फोडायची. बोलायचं काम माझं, बोटांचं काम यांचं, असा संसार चालला होता.

त्याच दवाखान्यात दोन अभ्यास सुरू होते. सांध्यांच्या अभ्यासात मी, बोलण्याच्या अभ्यासात हे. रोज घरी सराव केला तर अनोळखी माणसाला यांचं बोलणं जास्त समजतं का, हे तिथल्या लोकांना पाहायचं होतं. एक तरुण मुलगी आठवड्यातून एकदा घरी येऊन सराव करून घ्यायची. तिचे आईवडील अमरावतीकडचे. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत. बाकीचे दिवस यांनी कार्डावरची दहा हिंदी वाक्यं मोबाइलमध्ये बोलायची आणि मी ती पाठवायची. तिकडे यांना कधी न पाहिलेलं कुणीतरी ती ऐकून, काय समजलं ते लिहून काढायचं.

"जैसा भी बोलें, वैसा ही भेजना आजी. पहली बार वाला," असं ती बजावून गेली. मी हव म्हटलं.

पहिल्याच दिवशी 'थाली में चार रोटियाँ रखी हैं' याचं असं पीठ झालं की मले लाज वाटली. हे परक्या माणसाला ऐकवायचं?

"पुन्हा म्हणा," मी म्हटलं.

"तिनं... पहिलं... सांगितलं."

"तिले काय कळते? चार लोकांत जायचं तर माणूस केस विंचरून जातो."

मग सहा-सात वेळा म्हणवून घेऊन, त्यातलं सगळ्यात साफ ते पाठवायचं, असं चाललं. खोड जुनीच. हे मला पाहायला आले तेव्हा काकूच्या चकल्या मी माझ्या म्हणून वाढल्या होत्या. लग्नानंतरच्या दिवाळीत माझ्या खऱ्या चकल्यांनी यांची दाढ हलली.

दोन महिन्यांनी ती मुलगी हसत आली. "दादाजी का रिझल्ट इतना अच्छा है, सर बोले अब घर आने की जरूरत नहीं. अगले हफ्ते से दूसरे पेशंट के यहाँ जाऊँगी."

मी पेढे काढायला उठले आणि यांच्याकडे पाहिलं. चेहरा पार उतरलेला. आठवड्यातला तेवढा एकच तास होता, जेव्हा यांचं वाक्य संपेपर्यंत समोरचं माणूस थांबायचं. मी काही थांबणाऱ्यातली नव्हते.

पेढे राहिले. मी खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं.

तिनं डोक्याला हात लावला. "आजी, फिर तो ये दो महीने गए."

"यांना काढून टाकशील काय?"

"सर से पूछना पड़ेगा." तिनं तिथूनच सरांना, म्हणजे बोलण्याच्या अभ्यासाच्या प्रमुखांना, फोन लावला, स्पीकरवर ठेवला. सरांनी यांना कधी पाहिलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं. थोडक्यात हकीकत ऐकून ते म्हणाले, "दादाजी से बात कराओ. दादाजी, आप बताइए, क्या हुआ था?"

मी तोंड उघडलं. यांनी हात वर केला.

"ये... अच्छा-अच्छा... भेजती थी." दम घेतला. "अपनी... उँगलियों का भी... यही करती है. गोली खाके... गरम पानी में... सेंकके... डॉक्टर को... दिखाती है."

मला वाटलं, गेलं सगळं पाण्यात, काही समजलं नसणार.

"गोली खाके, सेंकके?" सर म्हणाले. "वो जोड़ों वाली स्टडी में?"

शब्द न् शब्द पोचला होता. माझी चोरी पकडली गेली आणि मले इतका आनंद झाला की रागावायचंही सुचेना.

"चलिए, आपका नए सिरे से शुरू करते हैं," सर हसत म्हणाले. "ये घर आती रहेगी. और आजी किस डॉक्टर को दिखाती हैं, जरा नाम बताइए."

डॉक्टरांचं नाव लांबलचक, त्यात दोन जोडाक्षरं. हे पहिल्याशी अडकले, मागे गेले, पुन्हा निघाले. नाव माझ्या तोंडात तयार होतं. मी पदर तोंडाशी धरून बसले, आणि यांनी ते आडनावासकट पूर्ण सांगितलं.