न आलेले उतारे

लातुरात काहीही शिकवलं की पोरं आधी एकच गोष्ट विचारतात, "सर, हे आयएमपी हाय का?" आयएमपी म्हणजे परीक्षेत हमखास येणारं. जे आयएमपी ते पाठ करायचं, उरलेलं पुढच्या जन्मासाठी ठेवायचं. मी हे चेष्टेनं लिहीत नाही. या एका प्रश्नावर आमच्या भागातली कितीतरी पोरं डॉक्टर झाली, आणि माझी बारावीही त्यावरच पार पडली. अडचण आली ती पुढं, जेव्हा एमबीएच्या प्रवेश परीक्षेला बसलो आणि कळलं की तिथं इंग्रजी उतारे वाचून विचार करायचा असतो.

माझं गाव रेणापूर तालुक्यातलं. घरातला मी पहिला पदवीधर. बी.एस्सी. झालो तेव्हा वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, माझा काळ्या झग्यातला फोटो देवांच्या फोटोंशेजारी लावला. आई संध्याकाळी उदबत्ती ओवाळायची, तेव्हा एक फेरा माझ्यावरूनही जायचा. अशा माणसानं नापास होणं बरं दिसत नाही. पण पहिल्या वेळी मी झालो. गणितात चांगले गुण होते, इंग्रजीच्या उताऱ्यांत मात्र कटऑफच्या बराच खाली होतो, आणि त्या परीक्षेत एक विभाग बुडाला की सगळंच बुडतं.

उदगीरला माझ्या मामांचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. निकाल कळल्याच्या आठवड्यात त्यांनी दुकानात एक फिरती खुर्ची आणून ठेवली. तिच्यावरचा प्लास्टिकचा कागद काढला नाही. "भाच्यासाठी हाय," असं ते गिऱ्हाइकांना सांगत.

अण्णांनी निवाडा दिला, "आणखी एकदा दे. न्हाई झालं तर उदगीर. मग वाद न्हाई."

वादाचा प्रश्नच नव्हता. आमच्या घरात अण्णांशी कुणी वाद घातल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

लातुरातल्या ज्या क्लासला मी गेलो, त्या इमारतीत खालपासून वरपर्यंत डॉक्टर तयार होत होते. सगळ्यात वर, पत्र्याखाली आम्ही एमबीएवाले. आमचे सर पूर्वी त्याच इमारतीत जीवशास्त्र शिकवत. पहिल्याच तासाला त्यांनी सांगितलं, "उतारा म्हणजे बेडूक. उताणा पाडायचा, चारी पायांना पिना मारायच्या, आणि पोटात काय हाय ते बघायचं. भ्यायचं कारण न्हाई. तो मेलेला असतो."

सरांनी जुन्या परीक्षांमधले उतारे जमवले होते आणि त्यातल्या आयएमपी उताऱ्यांवर चांदण्या काढल्या होत्या. एकानं उभं राहून मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. खालच्या मजल्यावर पोरं हाडांची नावं म्हणत, वर आम्ही मधमाश्यांच्या सामाजिक जीवनावरचा उतारा. माशांचा उतारा, पुलाचा उतारा, इटलीतल्या चित्रकाराचा उतारा, असे ते आम्हाला नावानिशी ओळखीचे झाले. उत्तरंही सुरात पाठ होती. लेखकाचा सूर कोणता, असा प्रश्न आला तर सरांचा नियम होता: "लेखक कधीच चिडलेला नसतो. चिडलेला लेखक परीक्षेत घेत न्हाईत. 'संयत' असं दिसलं की मारा टिक."

सर माणूस फार मोठ्या मनाचे. रविवारीही शिकवत. मला ताप आला तेव्हा ते खोलीवर मोसंबी घेऊन आले आणि उशाशी बसून चित्रकाराचा उतारा संपूर्ण म्हणून दाखवला. माझा ताप वाढला, पण ते उपकार मी विसरलेलो नाही.

एका प्रकारच्या प्रश्नापुढं मात्र सरांनीही हात टेकले. लेखक एक मुद्दा मांडतो, खाली चार पर्याय असतात, आणि लेखकाचा मुद्दा दुबळा करणारा पर्याय निवडायचा असतो. मी दर वेळी मुद्दा भक्कम करणारा निवडायचो. समजा लेखक म्हणाला, गावात वाचनालयं वाढली तशी चष्म्याची दुकानंही वाढली, म्हणजे वाचनानं डोळे जातात. मी लगेच असा पर्याय शोधायचो, ज्यात वाचणाऱ्या माणसाचे डोळे खरंच गेलेले असतील.

"तुझं लेखकाशी काही नातंबितं हाय का रे?" सर विचारायचे.

नातं नव्हतं, भीती होती. आमच्या घरात छापील कागदाला पाय लागला तर त्याला हात लावून तो हात कपाळाला लावतात. भज्यांचा कागदही याला अपवाद नाही. जे छापून आलं ते कुणीतरी शिकलेल्या माणसानं विचार करूनच लिहिलं असणार. त्याला खोडून काढणारा मी कोण?

माझा खोलीमित्र नांदेडचा, त्याच क्लासला येणारा. तो जयंतीच्या व्याख्यानमालांत वाढलेला. त्यांच्या वस्तीत व्याख्यान संपलं की खरा कार्यक्रम सुरू होतो, तो म्हणजे प्रश्न. शाळेत असताना त्यानं एका प्राध्यापकांना उभं राहून विचारलं होतं की, तुम्ही आत्ता जे म्हणालात त्याला पुरावा काय. आजोबांनी त्याला त्याबद्दल बक्षीस म्हणून पेन दिलं होतं. मला वाटायचं, आमच्याकडं पाहुण्यासमोर असं बोललो असतो तर पेन नसतं मिळालं, दुसरंच काही मिळालं असतं.

त्यानं माझा सराव पेपर पाहिला आणि कपाळाला हात लावला. "तू पेपर सोडवून राहिलास का पाहुण्यांचं मन राखून राहिलास?"

"म्हणजे?"

"सोयरीक जमवायला बसल्यासारखा वागून राहिलास. लेखक म्हणतो, पोरगं शेतकी अधिकारी हाय. तू म्हणतोस, हाव की, तोंडावरच दिसतंय. अरे, विचार की, नेमणुकीची ऑर्डर दाखवा म्हणून!"

त्यानं मला गृहपाठ दिला. रोज एका जिवंत माणसाचा एक मुद्दा खोडायचा. छापलेल्याची सवय नंतर लागेल.

सुरुवात खानावळीच्या मावशींपासून केली. त्या म्हणाल्या, "आज भाजी चांगली झाली. बघ, समद्यांनी संपवली."

मी म्हणालो, "मावशी, सगळ्यांनी संपवली, कारण दुसरी भाजीच नव्हती."

मित्रानं पाठ थोपटण्याऐवजी टेबलाखालून माझा गुडघा थोपटला. मुद्दा बिनतोड होता. दुसऱ्या दिवशी मावशींनी दुसरी भाजी केली. कारल्याची. ती फक्त मलाच वाढली.

नंतर घरमालक काका. त्यांचं म्हणणं, पोरं नळ उघडे टाकतात म्हणून टाकी रिकामी होते. मी नम्रपणे म्हणालो, "काका, गणपतीत आम्ही सगळे गावी गेलो होतो. तेव्हाही टाकी रिकामीच होती. म्हणजे गळती दुसरीकडं असेल."

काकांनी माझ्याकडं शांतपणे पाहिलं. "टाकी कुणाची हाय?"

"तुमची."

"मग ती कशानं रिकामी होती ते बी मीच सांगणार."

पुस्तकात लेखकाचा मुद्दा खोडला की मुद्दा पडतो. लातुरात मुद्दा जागच्या जागी राहतो, खोडणाऱ्याला दुसरी खोली बघावी लागते. पण मला चटक लागली होती. कुणी 'म्हणून' म्हटलं की माझे कान टवकारायचे. मेडिकलच्या दुकानदाराचा मुद्दा खोडला, दाढी करताना न्हाव्याचा खोडला. वस्तरा गळ्यावर असताना खोडायचा नसतो, हे कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही.

दसऱ्याला गावी गेलो. जेवताना अण्णा म्हणाले, "मामाला रब्बीच्या आधी दुकानात माणूस पाहिजे. परीक्षा राहू दे आता."

परीक्षा महिन्यावर आली होती.

"वरच्या आळीतलं पोरगं बघ," अण्णा पुढं म्हणाले. "पहिल्या झटक्यात पोलीस भरतीत निघालं. तुला एकदा जमलं न्हाई. म्हंजी ते आपल्या नशिबातच न्हाई."

मला पर्याय स्वच्छ दिसत होता, अ-ब-क-ड लावल्यासारखा. खालमानेनं जेवावं असंही वाटत होतं. उदगीरची खुर्ची डोळ्यांपुढं आली, प्लास्टिकसकट. मी म्हणालो, "अण्णा, त्याचा तो पहिला झटका नव्हता. चौथी खेप होती. आधीच्या तीन त्यानं घरी सांगितल्याच नव्हत्या."

चुलीपुढं आईचा भाकरी थापणारा हात थांबला.

"तुला कुणी सांगितलं?" अण्णांनी विचारलं.

"त्यानंच."

अण्णांनी कांदा फोडला, भाकरीचा तुकडा मोडला, सावकाश चावला. मग म्हणाले, "मग तू बी पहिली खेप मला कशाला सांगितलीस? लई खरं बोलणारा लागून गेलास."

हात धुऊन ते अंगणात गेले आणि मामांना फोन लावला. "न्हाई, ते परीक्षा दिल्यावरच येईल. कागद राहू द्या खुर्चीवर." आई ताटात दुसरी भाकरी टाकत हळूच म्हणाली, "एवढ्यावर थांब हं. आज आणखी काही खोडू नको."

परीक्षेचं केंद्र नांदेडला होतं. अण्णा सोबत आले. अहमदपूर-लोहा करत आम्ही एसटीनं पोचलो आणि मित्राच्या घरी उतरलो. त्याच्या आईनं सकाळी फोडणीच्या चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता. आजोबांनी अण्णांना विचारलं, "पोराचं काय म्हणणं हाय, येतील का पेपरात पाठ केलेले?" अण्णा ठामपणे म्हणाले, "सरांनी चांदण्या काढून दिल्यात." आजोबांनी पुरावा मागितला नाही. पाहुण्याचं मन राखणं त्यांनाही येत होतं.

संगणकावर पहिला उतारा उघडला. माशांचा नव्हता. दुसरा पुलाचा नव्हता. मधमाश्या नाहीत, चित्रकार नाही. आपल्या ओळखीचं इथं कुणीच आलेलं नाही हे कळल्यावर, परक्या गावच्या लग्नात एकटं पडल्यासारखं झालं. तळहाताला घाम आला. माउस घसरायला लागला.

तिसरा उतारा कुठल्याशा दूरच्या देशातल्या शेतकऱ्यांवर होता. त्यांना नवं बियाणं दिलं तरी त्यांनी जुनंच पेरलं. लेखकाचा निष्कर्ष असा की, अशिक्षित शेतकऱ्याला बदल नको असतो. प्रश्न तोच: हा मुद्दा कशानं दुबळा होईल?

मला अण्णा आठवले. सोयाबीनचं नवं वाण आलं की आमच्या शिवारात आधी पेरणारे तेच. बदलाचं एवढं वेड की मामा त्यांना वाण विकायला घाबरतात. आणि मग पर्यायात दिसलं: नव्या बियाण्याला जुन्याच्या दुप्पट पाणी लागत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच मी एका छापलेल्या माणसाला मनातल्या मनात म्हणालो, "न्हाई हो साहेब. तसं न्हाई ते." आणि टिक केली. मग पुढचे उतारे परके वाटले नाहीत. मुक्कामाला आलेले पाहुणे वाटले, ज्यांना 'ऑर्डर दाखवा' म्हणता येतं.

बाहेर अण्णा झाडाखाली बसले होते. "चांदण्यावाले आले का?"

"एक बी न्हाई."

ते एवढंच म्हणाले, "बरं, चल, चहा घेऊ." चहा त्यांनी गार होऊ दिला.

निकाल लागला. इंग्रजीत कटऑफच्या वर निघालो, काठावरच, पण वर. पुण्याजवळच्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला. मामांनी खुर्चीचा कागद काढला आणि स्वतः बसले. म्हणाले, फिरते चांगली.

सरांनी क्लासमध्ये सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, हार. मित्राला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त गुण होते, पण त्याच्या हातात माइक द्यायचा नाही हे सरांनी आधीच ठरवलेलं दिसलं. पुढं नवी बॅच बसली होती, पहिल्या रांगेत अण्णा धुवट टोपी घालून.

"याचं इंग्रजी काय होतं ते मला माहीत हाय," सर म्हणाले. "पण यानं आयएमपी उतारे रोज म्हटले, म्हणून हा पास झाला!"

टाळ्या पडल्या. माइक माझ्याकडं आला. 'म्हणून' हा शब्द ऐकून मित्र खाली मान घालून हसत होता. मी सरांचे आभार मानले, मनापासून मानले, मोसंबी आणि रविवारसुद्धा सांगितले. आणि मग राहवलं नाही. म्हणालो, "सर, पण त्यातला एकही उतारा आला नव्हता."

अण्णांनी टोपी सारखी केली. सरांनी माझ्या हातातून माइक काढून घेतला आणि नव्या बॅचकडं वळले. "ऐकलं का? न आलेल्या उताऱ्यांवर हा पास झाला! आले असते तर राज्यात पहिला आला असता!"

छत उडेल अशा टाळ्या पडल्या. सगळ्यात आधी अण्णांनी वाजवल्या. मुद्दा खोडायला माझ्याकडं एकही पर्याय उरला नाही.

खाली उतरत होतो, तर नव्या बॅचच्या पोरापोरींनी जिन्यात गाठलं. एकीच्या हातात पेन उघडं होतं.

"दादा, जे आले न्हाईत ते उतारे कोणते?"

"कशाला?"

"म्हंजी ते राहिलेत ना. यंदा तेच येणार. आयएमपी झाले ते."

मी मित्राकडं पाहिलं. तो म्हणाला, "सांग की. का आता बी खोडणार हायस?"

मागून अण्णा आले. "सांग लवकर, एसटी जाईल. पोरं लांबून आलेली हायत."

मी जिन्यात उभा राहून सांगायला लागलो. माशांचा. पुलाचा. मधमाश्यांचा. आणि चित्रकाराचा मात्र नीट पाठ करा म्हणालो.