तेंदूपत्त्याने उचललेली जमीन

दोन हंगाम समुद्रकिनाऱ्याच्या मापनात घालवलेला आमचा ड्रोन त्या मे महिन्यात भामरागडला आला. त्याच्या पोटाशी बसवलेला लेझर खाली किरण सोडतो आणि ते परतायला लागलेल्या वेळेवरून जमिनीची उंची काढतो. नदीकाठची कोणती जमीन पुरात बुडते, याचा नकाशा पावसाआधी करायचा होता. मी स्वतंत्रपणे सांभाळलेले ते पहिलेच काम.

पडताळणीसाठी काठावरच्या मोकळ्या मैदानाची उंची मी आदल्या दुपारी प्रत्यक्ष मोजून ठेवली होती; काठाला बाकी सगळी झाडीच. दुसऱ्या सकाळी पलीकडच्या तीरावरून ड्रोन उडवला. संध्याकाळी दोन्ही आकडे शेजारी मांडले, तर मैदान सर्वत्र चार बोटे उंच निघाले. एखादा बिंदू चुकला असता तर समजू शकले असते. सगळेच एका दिशेने चुकले, म्हणजे दोष यंत्रात. किनाऱ्यावरच्या खाऱ्या वाऱ्याने सेन्सर बिघडला, असा तर्क मी केला आणि वरिष्ठांना तसे कळवले. तो दुरुस्तीहून परत येईपर्यंत पाऊस लागणार, रस्ते तुटणार, नकाशा राहणार.

सकाळी पुन्हा मैदानावर गेले. जमीन दिसतच नव्हती. तेंदूपत्त्याचे पुडे रांगेला रांग लावून वाळत घातले होते.

"बाई, जपून. पुड्यावर पाय नका ठेवू," पाने जमा करून घेणारा मुनशी म्हणाला.

"हे कधी लावले, भाऊ?"

"परवा सांजेले. परवाच तर फळी उघडली, पानं घेनं सुरू झालं. काऊन, तुमच्या पंख्याले दिसले नाई का?"

"त्याला तेवढेच दिसले."

"मंग बरोबर हाये न तुमचा पंखा."

तर्क त्याचा बरोबर होता; पुरावा अजून हवा होता. किनाऱ्यावर मोकळी वाळू मोकळीच राहते, म्हणून इथेही सगळे पडताळणीबिंदू मी एकाच मोकळ्या जागेत घेतले होते. आता शाळेचे अंगण आणि पुलाकडचा डांबरी रस्ता मोजला. तिथले आकडे ड्रोनच्या आकड्यांशी जुळले. मी अंगणातच, पायरीवर, बराच वेळ बसून राहिले. भूक लागल्याचे तेव्हा जाणवले.

दुपारी रेंज मिळाली तशी वरिष्ठांचा फोन आला. "सेन्सर कधी पाठवतेस?"

"पाठवत नाही, सर. सेन्सर ठीक आहे. पुडे उचलले की तेवढ्या मैदानावर ड्रोन पुन्हा उडवते."