दह्यातले जीव आणि आईचा श्रावण

गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केलाय हो, पण ऐन श्रावणात सख्ख्या आईला उपाशी पाडलं, त्याची सर कशालाच नाही! बसा, चहा घ्या, सांगतो.

आई आमची मालवणची. मुलुंडला येऊन चाळीस वर्षं झाली, तरी बोलणं तिकडचंच. एरवी माशाशिवाय घास उतरत नाही, पण श्रावणात महिनाभर जीवहत्या नाही म्हणजे नाही! त्यात नुकतीच टायफॉइडमधून उठलेली. दहीभात तेवढा तिला जात होता.

आणि मी पडलो जीवशास्त्राचा मास्तर! गप्प बसवतंय का?

"खा आई, दह्यात लाखो जिवाणू असतात. जिवंत!"

आईचा घास हातातच राहिला. "जिते? नि माका श्रावणात खावक घालतंस?"

वाटी गेली ना बाजूला!

"अगं, ते प्राणी नाहीत! पूर्वी तर त्यांना वनस्पतींतच धरायचे."

"म्हणजे भाजीच ती, नाय रे?" आईचा चेहरा खुलला. वाटी परत जवळ आली.

आता इथं थांबायचं की नाही माणसानं? पण वह्या तपासायची खोड ना!

"तसं नाही गं. आता वनस्पतीही मानत नाहीत. पेशीत केंद्रक नसतं, म्हणून त्यांचा गटच वेगळा केलाय. मोनेरा."

"धड झाड नाय, धड जनावर नाय, नि जीव तर आसा! माका नको."

दोन दिवस आई नुसत्या पेजेवर. भिंत धरून चालायला लागली. माझी तर वाटच लागली. तक्ते काढले, मोबाइलवर चित्रं दाखवली. चित्रातल्या जिवाणूंना नेमक्या शेपट्या! आईनं लांबूनच हात जोडले.

शेवटी माझी बायको सुनीता दहीभात कालवून तिच्यासमोर बसली. "आई, तुम्ही जेवत नाही म्हणून हेही सकाळपासून उपाशी आहेत."

खरंच होतं ते. घशाखाली काही उतरतच नव्हतं.

"माझो झील उपाशी?" लेक उपाशी म्हटल्यावर आईनं वाटी ओढली, एक घास स्वतः खाल्ला नि दुसरा माझ्यापुढे धरला. बावन्न वर्षांचा घोडा मी, पण डोळ्यांत पाणी आलं.

आणि एवढं होऊनही मी विचारलंच, "पण आई, ते जिवाणू…?"

"तोंड उघडलंस ना? आता घास घे नि मिट!"