लिफ्टच्या अलीकडच्या तीन पायऱ्या

मास्तरांना दुकानांची नावं लक्षात राहत नसत, पायऱ्या राहत. बर्डीवरचं बटणांचं दुकान म्हणजे 'दोन, पण दुसरी उंच'. सदरमधला चष्मेवाला म्हणजे 'सहा, आणि वरून काचेचा दरवाजा'. कोणी लग्नाची पत्रिका आणून दिली की नवरीचं नाव वाचायच्या आधी ते विचारत, "हॉल खाली आहे का वर?" वर असला की पत्रिका मशीनच्या खणात जायची आणि आहेर घेऊन मला जावं लागायचं.

मास्तर बर्डीच्या मागच्या एका गल्लीत ब्लाउज शिवत. पोलिओने दोन्ही पाय लहानपणीच गेलेले. हाताने फिरवायच्या तीनचाकीवर येत आणि मोटर लावलेल्या मशीनपुढे बसले की संध्याकाळपर्यंत हलत नसत. मी बारावीत नापास होऊन त्यांच्याकडे शिवण शिकायला गेले, तेव्हा मला दोन कामं मिळाली. बायकांची मापं घ्यायची, कारण मास्तरांना उभं राहता येत नव्हतं. आणि मास्तरांना जिथे जायचं असेल तिथे आदल्या दिवशी जाऊन पायऱ्या मोजून यायच्या. नुसत्या मोजायच्या नाहीत, टेप लावून उंचीसुद्धा आणायची. दुकानांच्या दारात वाकून टेप लावणारी मुलगी पाहून लोकांना मी महापालिकेची वाटायचे, आणि दोघातिघांनी तर घाईघाईने आपलं बाहेर मांडलेलं सामान आत ओढलं होतं.

हे मोजमाप कशासाठी, तर फळ्यांसाठी. मास्तरांकडे दोन फळ्या होत्या. आखूड फळी तीनचाकीच्या सीटखाली कायम असे, तिच्यावर दोन पायऱ्यांपर्यंत भागायचं. लांब फळी जुन्या दारापासून केलेली, घरी भिंतीला उभी असायची. तीन-चार पायऱ्या असल्या की तीच लागायची. फळी टाकायची, कठडा धरायचा आणि दंडाच्या जोरावर स्वतःला वर ओढायचं. घामाने शर्ट ओला व्हायचा, पण चढायचे.

एकदा गांधीबागेत अस्तराचं कापड घ्यायचं होतं. मी येऊन सांगितलं, दोन पायऱ्या. निघाल्या तीन. नालीच्या काठची मी धरलीच नव्हती. मास्तर रस्त्यावरच राहिले आणि दुकानदाराने खाली आणून दाखवलेल्या चार रंगांतून निवडावं लागलं. ते रागावले नाहीत. परत येताना एवढंच म्हणाले, "चालणाऱ्याले पायरी दिसत नाही, पोरी. पण मोजायले पाठवलं तं चालणाऱ्यासारखी नको जाऊ."

उचलून घेणं मात्र त्यांना अजिबात चालत नसे. लोक चांगले असतात, लगेच दोघंचौघं पुढे होतात, 'चला काका, उचलतो' म्हणतात. मास्तर हात जोडायचे. "माणूस काय गव्हाचं पोतं आहे काय गा? पायरी खाली करा न." मला हा निव्वळ हट्ट वाटायचा. अर्धं आयुष्य या माणसाचं फळी सरळ करण्यात चाललंय, असं मी घरी आईला सांगायचे.

त्यांच्या नावावर जिंकलेली लढाई एकच. वस्तीतल्या विहाराला उतार करून घ्यायला त्यांना तीन वर्षं लागली. एक फुटाच्या चढाला बारा फूट उतार पाहिजे, असं त्यांनी मिस्त्रीला सांगितलं, तर तो म्हणाला, "एवढा लंबा काहून? बैलगाडी चढवाची आहे काय?" मास्तर सकाळपासून तिथे तीनचाकी लावून बसले आणि बारा फूट करूनच उठले. पहिल्या रविवारी ते वंदनेला एकटे वर गेले. दुसऱ्या रविवारी उतारावर पाच मोटारसायकली उभ्या होत्या. त्यानंतर ते दर रविवारी अर्धा तास आधी जात, गाड्या कोणाच्या ते विचारत फिरण्यासाठी.

या सगळ्यात काकू त्यांच्या बाजूने ठाम होत्या. लग्न झालं त्या दिवसापासून त्यांनी मास्तरांना कधी हात दिला नाही, मागितल्याशिवाय. फळी त्या टाकायच्या आणि मग बाजूला उभ्या राहून पदराने तोंड पुसत दुसरीकडे पाहायच्या. लोकांना ती बाई निर्दय वाटायची. काकूंच्या पोटात गाठ निघाली तेव्हा दवाखान्यात भरती करायला त्यांच्याबरोबर मुलगा प्रवीण आणि मी गेलो. मास्तर दुसऱ्या दिवशी, ऑपरेशनच्या आधी भेटायला येणार होते. मला त्यांनी नेहमीचं काम दिलं होतं.

मी दार पाहिलं. दाराला चांगला उतार होता. लिफ्ट पाहिली, तिसऱ्या मजल्यापर्यंत जात होती. माझ्या एका हातात काकूंची पिशवी होती, दुसऱ्या हातात काकू होत्या. संध्याकाळी मास्तरांनी विचारलं, "पाहून आली काय वं?" मी म्हटलं, "बेफिकीर राहा मास्तर, उतार आहे, लिफ्ट आहे." नाव नोंदवायच्या हॉलपासून लिफ्टपर्यंत जाताना मध्ये तीन पायऱ्या होत्या. मी त्या काकूंना धरून चढले होते आणि मला त्या दिसल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मास्तर त्या तीन पायऱ्यांपुढे येऊन थांबले. सीटखाली आखूड फळी होती. ऑपरेशन अकराचं होतं. प्रवीण मित्राच्या मोटारसायकलवर लांब फळी आणायला पळाला. दोन वॉर्डबॉय आले, म्हणाले, दोन मिनिटांत उचलून वर नेतो. मी मास्तरांच्या पाया पडायची बाकी होते. म्हटलं, "आजच्या दिवस जाऊ द्या न मास्तर."

ते म्हणाले, "तिनं मले कोणाच्या हातावर कधी पाह्यलं नाही. आज तिनं पाह्यलं तं भिऊन जाईल ती. ऑपरेशनला जाऊन राहिली नं ती." मग घड्याळ पाहून म्हणाले, "येते फळी. टाइम आहे."

आधीच्या पेशंटचं ऑपरेशन रद्द झालं म्हणून काकूंना साडेदहालाच आत नेलं. फळी पावणेअकराला आली. मास्तर कठडा धरून त्या तीन पायऱ्या चढले, कोणाचाही हात न लागता, आणि तिसऱ्या मजल्यावर बंद दारापुढे जाऊन थांबले. काकू शुद्धीवर आल्या नाहीत. नर्सने नंतर सांगितलं, आत नेताना त्या दोनदा विचारत होत्या, "आले काय?"

काकू गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम समाजभवनात होता. आठ पायऱ्या. चार मुलं पुढे आली आणि मास्तरांनी हात वर केले, लहान मूल करतं तसे. त्यांना वर नेताना त्यांच्या पँटचा पायचा वर सरकला आणि ती वाळलेली नडगी सगळ्यांना दिसली. त्यांनी तो खाली केला नाही. त्यानंतर ज्याने म्हटलं त्याने त्यांना उचललं. मला ते बघवायचं नाही. दुकान बंद झालं. प्रवीणने त्यांना आपल्या फ्लॅटवर नेलं, दुसऱ्या मजल्यावर, आणि तिथून ते खाली उतरले नाहीत.

मी भेटायला गेले ते कबूल करायचं ठरवूनच. प्रवीण समोर बसला होता. त्याने चहा दिला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "ताई, तुम्ही तं आदल्या दिवशी पाहून आल्या होत्या नं?"

मी कप खाली ठेवला. मास्तरच बोलले. "तिनं सांगितलं होतं मले, तीन हायेत म्हणून. मीच विसरलो. लांब फळी घ्याची राहिली." आणि मला म्हणाले, "चहा पी, थंडा होते."

मी चहा प्यायले. माझ्या पाठीवरचं ओझं त्यांनी आपल्या डोक्यावर घेतलं आणि मी घेऊ दिलं. खाली उतरताना मी जिन्यावर बसून रडले, पण परत वर गेले नाही.

मागच्या फेब्रुवारीत मास्तर गेले. प्रवीण अजूनही लोकांना सांगतो, बाबांच्या विसरण्यापायी आईची शेवटची भेट हुकली. मी शेजारी बसून ऐकते.