जॅकेटला लावलेली शिस्त

पुण्यातल्या एका नावाजलेल्या डिझायनरचं काम रहिमतपुरात दुरुस्त करून देणारा माणूस, अशी आमच्या बाजारपेठेत माझी ओळख आहे. ही ओळख मी मागितली नव्हती.

माझी मुलगी ऋतुजा दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, तेव्हा तिच्या मामाने, म्हणजे सांगलीच्या विलासरावांनी, फोनवर जाहीर करून टाकलं, "काय पायजे ते माग." विलासरावांचा हळदीचा व्यापार, आणि भाची एकुलती एक. मला वाटलं, पोरगी घड्याळ मागेल, फार तर सायकल. तिने जॅकेट मागितलं.

किंमत ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो.

"एवढ्यात गाभण म्हैस येती," मी म्हणालो.

"म्हैस घालून कॉलेजला जाता येत नाही, पप्पा."

"जॅकेट दूध देतं का?"

"तुम्ही एकदा फोटो तरी बघा."

"फोटो बघणार न्हाई. बघितला की माणूस पघळतो."

मी सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि आता खतं-बियाणांचं दुकान चालवतो. सैन्यात कपडे सरकार देतं, त्यामुळे मला कपड्यांची हौस करायची वेळच आली नाही. आयुष्यात मी हौसेने अंगात घातलेला कपडा एकच, लग्नातला कोट. तोही भाड्याचा.

भांडण लांबलं. ऋतुजा माझ्याशी बोलेना. जेवताना म्हणायची, "आई, पप्पांना म्हणावं चटणी इकडे सरकवा." मी चटणी सरकवायचो आणि म्हणायचो, "तिला म्हणावं सरकवली." माझी बायको संगीता तव्यावरची भाकरी उलथत म्हणायची, "मी काय टेलिफोन ऑफिस हाय व्हय?"

शेवटी विलासरावांनी मला न विचारता जॅकेट मागवलं. पार्सल आलं तेव्हा ऋतुजा साताऱ्याला कॉलेजात होती. संगीता सांगलीला, कारण विलासरावांच्या थोरलीचा साखरपुडा जवळ आला होता आणि आत्याशिवाय तिथे पान हलत नव्हतं. पार्सलवर नाव ऋतुजाचं होतं. पण आडनाव माझंच होतं, म्हणून मी ते फोडलं.

जॅकेट बाहेर काढलं आणि माझा जीव कळवळला. खांद्याची शिवण पार कोपरापाशी आली होती. बाह्या एवढ्या लांब, की आत हात आहेत की नाहीत ते हाक मारून विचारावं लागलं असतं. खालची कड डावीकडे लांब, उजवीकडे आखूड. कडेने दोरे लोंबत होते. आणि डिझायनरच्या नावाचं लेबल चक्क पाठीवर, बाहेरून!

खरं सांगतो, मला राग आला नाही, वाईट वाटलं. पोरीने बापाशी अबोला धरून मागवलेली वस्तू, आणि कुणीतरी बिघडलेला माल तिच्या गळ्यात मारला होता. तिने हे बघितलं असतं तर तिचं तोंड एवढंसं झालं असतं. म्हणून मी ठरवलं, तिला कळूच द्यायचं नाही. आधी दुरुस्त करायचं, मग द्यायचं. भांडणही मिटेल.

बाजारातला बापू टेलर माझा वर्गमित्र. त्याने जॅकेट टेबलावर पसरलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"कुणी शिवलंय रं हे?"

"पुण्यात."

"पिऊन शिवलंय. लेबल बघ, भाईर लावलंय. उलटं धरलं असणार कापड."

"सगळं सरळ कर गड्या. मामाकडच्या साखरपुड्यात घालणार हाय पोरगी."

"माप?"

मी पिशवीतून ऋतुजाचा अंगात बरोबर बसणारा कुर्ता काढला. सैन्यातला माणूस तयारीनिशी जातो. बापूने खांदे आत घेतले, बाह्या कापल्या, कंबरेत चापून बसवलं, कड एका रेषेत आणली. मी शेजारी स्टुलावर बसून देखरेख करत होतो. वर्दीची शिवण खांद्याच्या हाडावरून केसभर हलली तर मी जवानांना मैदानाला फेऱ्या मारायला लावत असे, मग मुलीच्या बाबतीत हयगय कशी करणार? लेबल उसवून आत लावलं. उरलेल्या कापडाची बापूने चेनची पिशवी शिवून दिली. म्हणाला, "पोरीला डबा न्यायला हुईल."

साखरपुड्याच्या सकाळी मी इस्त्री केलेलं जॅकेट ऋतुजाच्या पुढे ठेवलं. वर पिशवी.

तिने जॅकेट बघितलं. पिशवी बघितली. किती तरी दिवसांनी ती थेट माझ्याशी बोलली. "पार्सल कधी आलं?"

"झालं की आठवडाभर. बिघडलेलं आलं होतं. काळजी करू नको, मी सगळं नीट करून आणलंय."

तिने मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. फोटोत एक लुकडी मुलगी उभी होती. तिच्या खांद्याची शिवण कोपरापाशी होती, बाह्या लोंबत होत्या, कड वाकडी होती आणि पाठीवर लेबल होतं. मुलगी रुसलेली दिसत होती, पण जॅकेटवर नसावी.

"ते तसंच असतं, पप्पा."

"दोरे पण?"

"दोरे पण."

ती खोलीत गेली. दार आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिने ते हळूच लावून घेतलं.

बाहेर आली तेव्हा जॅकेट तिच्या अंगात होतं. का घातलं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. कराड गेलं, इस्लामपूर गेलं. मी दोनदा खाकरलो, तेवढंच.

सांगलीत दारातच विलासरावांनी भाचीला धरून गोल फिरवलं. "बघा दाजी, माल बघा. उगंच नाक मुरडत हुतासा."

नवरीची एक मैत्रीण पुण्यात फॅशनचं शिकते. ती जवळ आली. "हे त्यांचंच आहे? मी दुकानात बघितलंय. ते असं नाहीये."

विलासरावांचा चेहरा पडला. "म्हंजे? फसवलं व्हय आपल्याला?" आणि त्यांनी भर मांडवात डिझायनरला झापायला खिशातून फोन काढला. पाहुणे वळून बघू लागले. संगीताने पाहुण्यांकडे न बघता थेट माझ्याकडे बघितलं. वीस वर्षांच्या संसारात बाईला पुरावा लागत नाही. मी कबुलीजबाबासाठी तोंड उघडलं.

"फसवलं नाही, मामा," ऋतुजा मध्येच म्हणाली. "माझ्या मापाचं करून घेतलंय. तसलं सगळ्यांकडं असतं. हे एकच आहे. पप्पांनी टेलरच्या शेजारी बसून करून घेतलं."

मैत्रीण तिच्याभोवती फिरली. "कंबरेत काय बसलंय गं. कुठे केलं?"

"रहिमतपुरात."

विलासरावांनी फोन खिशात घातला आणि छाती पुढे काढली. "आमचं दाजी मिलिट्रीतलं. फिटिंगमधी त्यांचा हात कोण धरणार न्हाई."

परतीच्या वाटेवर संगीता मागे झोपली होती. ऋतुजा माझ्या शेजारी बसली होती.

"मला का सांभाळून घेतलंस?" मी विचारलं.

ती खिडकीतून ऊस बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही सुट्टीवर यायचा तेव्हा मला फ्रॉक आणायचा."

"व्हय. लय भारी असायचे."

"एकही व्हायचा नाही मला. मी मागच्या सुट्टीएवढीच आहे असं वाटायचं तुम्हाला. आई म्हणायची, पप्पांना सांगू नको, आणि तुम्ही गेलात की शेजारच्या पोरीला द्यायची." तिने बाही मनगटावर ओढली. "तुम्ही करून आणलेलं आणि मला बरोबर बसलेलं हे पहिलंच आहे."

पुढच्या ट्रॉलीवर काय लिहिलंय ते मी वाचायला गेलो, पण अक्षरं धूसर दिसत होती. (चष्म्याचा नंबर वाढला असावा.) असली पोरगी देवाने माझ्या पदरात टाकली, याचा हिशोब मला अजून लागलेला नाही.

"पण विचारायचं होतं, पप्पा."

"व्हय बाळा. विचारायचं होतं."

तेव्हापासून कपड्यातलं मी तिला विचारल्याशिवाय काही करत नाही. दिवाळीला तिने माझ्यासाठी स्वतः निवडून एक शर्ट आणला. तो घातला की खांदे खाली घसरतात आणि आत वारं खेळतं. मी मुकाट्याने घालून दुकानात गेलो. खत न्यायला आलेले एक म्हातारे बराच वेळ माझ्याकडे बघत उभे राहिले.

"आवं हवालदार, लय वाळलासा की. काय झालंय?"

"काय न्हाई तात्या, फॅशन हाय."

तात्यांनी हळहळून मान हलवली. "आसूं द्या, हुईल बरं. औषध कुणाचं चालू हाय?"